बाईचं तोंड नाळेकडे

माझ्या किनुताईचे यजमान योनेझो हे आमच्या मुकोउरा गावातले होड्या बांधणारे सुतार. त्यांच्या हातच्या होडीत पाणी शिरलं असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. आणि योनेझोदाजींना एका जागी निवांत बसलेलं पाहिलंय असं कुणी सांगू लागला, तर मी त्याला तोंडावर खोटारडा म्हणेन. असं एकदाच घडलं, आणि तेव्हा तिथे मी होतो. पण ते शेवटी.

दाजींच्या लग्नातलीच गोष्ट घ्या. नवरानवरीने तीन पेल्यांतून तीन तीन घोट साके, म्हणजे तांदळाची दारू, प्यायची, की झालं लग्न. दुसरा पेला खाली ठेवला आणि नवरदेव उठले. "आलोच," म्हणाले आणि गेले. सगळे नातेवाईक मांड्या दुमडून बसलेले, कुणाच्या पायाला मुंग्या आलेल्या. बऱ्याच वेळाने दाजी परत आले तर गुडघ्यापर्यंत ओले. सकाळी एका होडीच्या सांध्यांत झाडाची साल ठोकून बसवली होती, ती ओल धरते का ते बघायला किनाऱ्यावर गेले होते.

"धरते का?" माझ्या बापाने विचारलं.

"नाही धरत," दाजी म्हणाले, आणि तिसरा पेला उचलला.

आई ताईच्या कानाशी लागून म्हणाली, "पोरी, याला जेवायला घालायचं म्हणजे भाताचा वाडगा घेऊन मागं पळावं लागेल तुला." ताईने पुढे चाळीस वर्षं तेच केलं.

दाजींचा असा स्वभाव होता. एकदा केलेलं काम दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि दुसऱ्यांदा बघितलं की तिसऱ्यांदा बघावंसं वाटे. दाराची कडी लावून झोपले की उठून बघणार. चूल विझवली की बोट घालून बघणार. ताई म्हणे, "माझं नशीब, की मी नवरी होऊन एकदाच आले. नाहीतर रोज माहेरी नेऊन परत आणून बघितलं असतं यांनी, बसते का नीट."

आता बाईचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावाचून कळायचं नाही.

आमच्याकडे प्रत्येक होडीत एक बाई असते. तिला फुनादामा म्हणतात, पण दाजी नुसतं 'बाई' म्हणत. होडी पाण्यात जायच्या आधी, भरती चढत असताना, सुतार एकटाच आत जातो. डोलकाठीच्या पायाशी खण कोरलेला असतो, त्यात तो एक लहानशी लाकडी पेटी बसवतो. कुणी बघायचं नाही, कुणी बोलायचं नाही. पेटीत कागदाच्या दोन बाहुल्या, पाच धान्यांचे दाणे, बाईमाणसाच्या केसांची एक बट आणि विलोच्या लाकडाचे दोन फासे. बाजारचे फासे चालत नाहीत. एक दुसऱ्याच्या आरशातल्या रूपासारखा असावा लागतो, म्हणून सुतारानेच कोरायचे. आणि ठेवायचे कसे, तेही ठिपक्यांवरून ठरलेलं: एक आभाळाला, सहा तळाला, तीन नाळेला, चार सुकाणूला, आणि दोन-दोन एकमेकांकडे बघत. नाळ म्हणजे होडीचं तोंड. बाहुल्यांचीही तोंडं तिकडेच. बाईला समोरचा समुद्र दिसला पाहिजे. पेटी उलटी बसली तर तिला फक्त मागं सुटलेलं पाणी दिसणार, आणि मग ती पुढचं संकट सांगणार कशी? कारण ती सांगते. वादळ यायचं असलं की फळीखालून किड्यासारखी चिरचिरते. आमच्या गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याने ती एकदा तरी ऐकलेली आहे. न ऐकलेले म्हातारे झालेच नाहीत.

गावात होड्यांचं काम कमी झालं तसे दाजी खाडीपलीकडच्या मोठ्या गोदीत जाऊ लागले. तिथे पोलादी जहाजं बांधत. पण डेकच्या फळ्या, दिवाणखान्यांच्या भिंती, जिन्यांचे कठडे याला सुतार लागतातच. तिथे 'आसागिरी मारू' नावाचं प्रवासी जहाज तयार होत होतं. केवढं म्हणाल? आमचं अख्खं गाव देवळासकट त्याच्या पोटात मावलं असतं. अमेरिकेला जाऊन यायचं जहाज. त्याच्या धुलाईखान्यात दाजींनी माझी वर्णी लावली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, शाळा गावातली सहावीपर्यंत, आणि ताईने लहानपणापासून कपडे धुवायला लावल्यामुळे त्या कामात पटाईत.

जहाजाला स्वतःचं देवघर होतं, पितळी कड्यांचं. मोठ्या देवळाचे पुजारी येऊन मंत्र म्हणून गेले. दाजींना ते पुरेसं वाटेना. ताईपाशी येऊन म्हणाले, "बट दे."

"कुणाच्या होडीला?"

"आसागिरीला."

ताई हसत सुटली. "एवढ्या मोठ्या जहाजाला एवढीशी बट? सगळं डोकंच भादरून देते की."

"तुझा भाऊ चाललाय त्यात," दाजी म्हणाले.

ताईने मग कात्री आणली. आणि भरती चढत असताना दाजींनी पुढच्या डोलकाठीच्या पायाशी, सागवानी फळीच्या खाली, बाई बसवली. गोदीत कुणाला पत्ता नाही. मलाच तेवढं सांगितलं, तेही परत परत: "तीन नाळेला ठेवलेत. दोनदा बघितलंय."

"तीनदा का नाही बघितलं, दाजी?"

"भोंगा झाला," ते म्हणाले. हे त्यांना दोन वर्षं टोचत होतं.

त्या दोन वर्षांत मी प्रशांत महासागर बारा वेळा ओलांडला. एकदा एका अमेरिकन बाईसाहेबांच्या रेशमी झग्याला मी इस्त्रीचं भोक पाडलं, आणि त्यांनी त्यावर कापडी फूल लावून तोच झगा घालून नाच केला. पण ती हकिकत राहू द्या.

लढाईची चिन्हं दिसू लागली तसं नौदलाने जहाज मागून घेतलं. परत त्याच गोदीत आणलं आणि कापायला सुरुवात केली. विमानवाहू करायचं होतं. दिवाणखान्यातलं सामान उपटलं, धुराडं आडवं केलं. डोलकाठ्या जाणार हे कळल्यावर दाजींनी तीन दिवस अन्न घेतलं नाही. ज्याने बाई बसवली त्यानेच ती काढायची, आणि तीही भरतीला. गॅसचा जाळ घेऊन कापणारे लोक भरतीची वाट बघत नाहीत. शेवटी दाजी दुपारच्या सुट्टीत, भरती अर्धी चढली असताना, डब्यात भाताऐवजी छिन्नी घेऊन गेले आणि डब्यात पेटी घेऊन आले. चार तासांनी डोलकाठी पडली.

मग नवीन जागा शोधायची. आता जहाजावर डोलकाठी नाही, नुसतं मैदान. पण ते मैदान लाकडी फळ्यांचं, आणि त्या फळ्या घालायला सुतारच होते. फळीत गाठ निघाली की ती कोरून चौकोनी ठिगळ बसवतात. दाजींनी सुतारशाळेत एका फळीत गाठ नसतानाच खण कोरला, त्यात पेटी बसवली, वरून ठिगळ ठोकलं. फळीच्या एका टोकाला खडूने नाळेची खूण केली. या खेपेला तीनदा बघितलं.

जहाज राखाडी झालं. नाव बदललं, 'सेइयो' झालं, कुठल्याशा ससाण्याचं नाव. मलाही राखाडी केलं. धुलाईखान्यातले आम्ही सहाही जण नौदलाच्या नोकरीत गेलो. आधी नाचाचे झगे धूत होतो, आता वैमानिकांचे तेलकट अंगरखे.

जहाज निघून गेलं आणि सातव्या दिवशी गोदीत जेवताना सेगावा नावाचा मुकादम सहज बोलून गेला, "काय घाई होती म्हणून सांगू. त्या उजव्या रांगेतल्या फळ्यांची बोल्टांची भोकं जुळेनात. सगळी रांगच टोकाकडून फिरवून बसवली."

"कुठली रांग?" दाजींनी विचारलं.

मुकादमाने सांगितलं. ती दाजींचीच रांग होती.

ताई सांगायची, त्या संध्याकाळी ते खाडीच्या पडावातून उतरले ते बुटांसकट घरात शिरले. आमच्याकडे बुटांनी घरात शिरणं म्हणजे एक तर आग लागलेली असते, नाहीतर माणूस ठिकाणावर नसतो. "बाई उलटी बसली," एवढंच बोलले. त्यानंतर त्यांचं जे सुरू झालं ते दीड वर्ष. उठायचे, बंधाऱ्याच्या टोकापर्यंत जायचे, परत यायचे, तोंड धुवायचे, परत जायचे. एकदा अर्धी दाढी करून गोदीत गेले आणि संध्याकाळी उरलेली अर्धी केली. शेजारीण ताईला म्हणाली, "तुझ्या घरच्यांच्या पायाला भिंगरी लावलीय का कुणी?" ताई म्हणाली, "लावली असेल तर मीच लावलीय, माझ्याच केसांची आहे." शेजारणीला काहीच कळलं नाही, आणि ताईनेही कळू दिलं नाही. जहाजाविषयी बोलायची बंदी होती; मला पत्र कुठल्या पत्त्यावर घालायचं, तेच दाजींना वर्षभर कळेना.

त्यांच्या डोक्यात एकच होतं. मेहुणा त्या जहाजात आहे, मेहुण्याला राखायला बसवलेली बाई पाठमोरी बसलीय, आणि ती कुणी बसवली, तर आपण.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी तिकडे दक्षिणेत होतो. आमचं काम सांगायचं तर हमालाचं. मायदेशात विमानं डेकवर बांधायची, ट्रुकच्या बेटांवर नेऊन सोडायची, आणि रिकामं परत यायचं. समुद्रावर आमच्या डेकवरून एकही विमान लढाईला उडालं नाही. डेक आखूड, जहाज मंद. वैमानिक आम्हाला 'हातगाडी' म्हणत. मला आपलं बरं वाटे. दिवाणखान्याच्या भिंतीवर करकोचे रंगवलेले होते. त्यावर राखाडी हात फिरवला होता, पण रंग घाईतला, पातळ. सकाळचं ऊन गोल खिडकीतून आलं की करकोचे दिसायचे. आम्ही तिथे बसून बार्ली घातलेला भात खायचो आणि मी म्हणायचो, "या जागी एका गोऱ्या माणसाने मला शेक हँड केला होता." आमचा धुलाईखान्याचा म्होरक्या तोमेझो म्हणे, "म्हणूनच हात धूत बसलायस अजून."

सरळ बसणं मात्र कुणालाच जमत नव्हतं. खाली पोटात पाणबुडीची भीती. जेवताना पाय दाराकडे, झोपताना पट्टा कमरेला. वाफेच्या नळाने खाकरलं तरी सहाच्या सहा माना वर. दाजींचा स्वभाव सगळ्या जहाजालाच लागला होता म्हणा ना.

एका वसंतात वादळाने डेकचा पुढचा भाग उचकटला, तेव्हा दुरुस्तीला आम्ही गोदीत आलो. घर खाडीपलीकडे, दिसत होतं, आणि जायला मिळेना. आम्हाला दहा दिवस दूरच्या बराकीत कोंडून ठेवलं आणि परत समुद्रावर. दाजी भेटले नाहीत.

आणि त्यानंतर, ट्रुकला नांगर टाकलेला असताना, मला पत्र मिळालं. दाजींचं अक्षर, सुताराच्या पेन्सिलीने लिहिलेलं. पाकिटावर इतके शिक्के पडले होते की तारीख त्यात बुडाली. पत्र असं होतं:

"चि. कुमाकिची, आम्ही खुशाल. आपल्या देवघरातली बाई उलट्या तोंडाने बसली आहे असं उशिरा कळलं. उजवीकडची रांग, पुढच्या विहिरीपासून सातवी फळी, चौकोनी ठिगळ. अर्धी फिरव. उघडू नकोस, ते तुझं काम नाही. लवकर कर. पर्सिमन सोलून वळचणीला टांगलेत, तुझ्या वाट्याचे ताईने वेगळे ठेवलेत. योनेझो."

सेन्सॉरने मध्येच एक ओळ काळी केली होती. ती, मला नंतर कळलं, मुळ्याच्या लोणच्याविषयी होती. बाईला त्यांनी हात लावला नव्हता.

विहीर म्हणजे विमानं खालीवर करायच्या लिफ्टचा खड्डा, हे मला कळलं. पण जे कळायला हवं होतं ते कळलं नाही. पर्सिमनची फळं वाळायला टांगतात ती पानगळीत. मी पत्र वाचत होतो तेव्हा आमच्याकडे भातलावणी चालू असणार. आठ महिने ते पत्र माझ्या मागून भटकत होतं. पण ट्रुकला ऋतूच नाहीत. रोज तोच उन्हाळा, तीच नारळाची झाडं. माझ्या डोळ्यांपुढे नुसते पर्सिमन आले, तोंडाला पाणी सुटलं, आणि महिना मोजायचं राहून गेलं.

जहाजावरचा सुतार मोहेई हा आमच्यासारखाच किनाऱ्यावरच्या गावचा. त्याला सांगितल्यावर त्याचा चेहराच उतरला.

"उलटी? दीड वर्ष?"

"दाजींनी लिहिलंय."

"तरीच मला इथं झोप लागत नाही."

"तुला कुठंच लागत नाही. पहाऱ्यावर तेवढी लागते."

"कुमा, मला कडक इस्त्रीचा शर्ट दे, मी तुला ठिगळ काढून देतो."

भर दुपारी, सगळे डेक घासत असताना, भरती चढत होती त्या वेळी, आम्ही गुडघ्यांवर बसून सातव्या फळीचं ठिगळ काढलं. मोहेई माझ्यापुढे पाठ करून बसला, बघायचं नाही म्हणून. पेटी हाताला गार लागली. मी ती उघडली नाही. अर्धी फिरवली, ठिगळ ठोकलं आणि खाली जाऊन नऊ अंगरख्यांना एका दमात इस्त्री केली. इतकं हलकं वाटत होतं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात आम्ही ट्रुकहून परत निघालो होतो. जहाजात घरी जाणारी पुष्कळ माणसं. समुद्र खवळलेला. सकाळचा नाश्ता झाला होता, मी कॉलरीला कांजी लावत होतो, आणि मला चिरचिर ऐकू आली.

"तोमेझो, किडा ओरडतोय."

"वाफ अडकलीय नळात."

"वाफ नाही ही."

"डिसेंबरात, भर समुद्रात, किडा? तुझ्या डोक्यात असेल."

ती थांबत नव्हती. बारीक, चिकाटीची, कुठून येते ते कळू न देणारी. माझे पाय आपोआप हलू लागले. मी म्हणालो, "मी वर जाऊन येतो." तोमेझो म्हणाला, "आणि या कॉलरी कोण करणार, तुझी ताई?" माझ्याशी तो बोललेलं ते शेवटचं.

मी डेकवर आलो, वाऱ्यात वाकून सातव्या फळीपर्यंत गेलो, ठिगळावर तळहात ठेवला. तेवढ्यात मागच्या बाजूला पहिला टॉर्पेडो लागला. धुलाईखाना मागच्याच बाजूला होता, अगदी तळाशी.

दुसरा लागल्यावर जहाज एका कुशीवर गेलं. त्याचं मी फार लिहिणार नाही. लाकडी डेक पाण्याला टेकला तेव्हा मी त्यावरून चालतच पाण्यात उतरलो, जसं आमच्या गावात धक्क्यावरून उतरतात. एका फळीला धरून दुपार काढली. ती सातवी होती का, ते मला माहीत नाही. खूप शोधलं मी तिच्यावर ठिगळ. दिवस कलायच्या आत एका विनाशिकेने दोर टाकला. तीन माणसांमागे दोन गेली. मोहेई गेला, तोमेझो गेला, धुलाईखान्यातले माझ्याखेरीज पाचही गेले. घरी जायला निघालेली ती माणसं तर बहुतेक खालीच होती.

जहाज बुडालं हे कुणाला सांगायचं नाही असा हुकूम. आम्हाला कुठे कुठे ठेवलं आणि शेवटी चार दिवसांची रजा दिली. मी दारात उभा राहिलो तेव्हा ताईने माझ्या हाताला, कानाला, नाकाला हात लावून बघितलं, जसं बाजारात मासा बघतात. मग म्हणाली, "वाळलायस." आणि आत जाऊन रडली.

दाजी उभेच होते. "बुडालं?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"बाई बोलली?"

"बोलली. तिच्यामुळेच वर आलो, आणि तेवढ्यात मागच्या अंगाला टॉर्पेडो लागला."

दाजींनी इतका मोठा श्वास सोडला की कागदी दार हललं. मांडी दुमडून चक्क खाली बसू लागले. "म्हणजे वसंतात मी फिरवली ते कामी आलं."

"कुणी फिरवली?"

"मी. डेक दुरुस्तीला आम्हालाच नेलं होतं. पहिल्याच दिवशी फिरवली. तीनदा बघितलं."

मी बोटांवर महिने मोजू लागलो. दाजी बसता बसता अर्ध्यातच थांबले. "आधी तुला एक पत्र पाठवलं होतं. ते नसेल मिळालं."

"मिळालं, दाजी."

"कधी?"

"पावसाळ्याच्या सुमाराला."

दाजी सरळ उभे राहिले. "आणि?"

"तुम्ही लिहिलं होतं तसं केलं."

दाजी बाहेर गेले. परत आले. "परत उलटी केलीस."

"हो."

"त्यात पर्सिमनचं लिहिलं होतं. पावसाळ्यात पर्सिमन कोण टांगतं, गाढवा?"

"तिकडे ऋतू नसतात, दाजी."

ते परत बाहेर गेले, परत आले. "आवाज कुठून आला? नाळेकडून की सुकाणूकडून?"

"कळलं नाही. मी पोटात होतो जहाजाच्या. सगळीकडून आला."

"आठव."

"नाही आठवत, दाजी."

"तिला पुढचं दिसतच नव्हतं. मग बोलली कशी?"

ताई डोळे पुसत आली होती. किटली आदळून म्हणाली, "केस कुणाचे होते त्या पेटीत? माझे. मला समुद्राकडं बसवा नाहीतर भिंतीकडं. भावाला हाक मारायला मला समोर बघावं लागतं होय? टॉर्पेडो आला तो मागनंच आला ना? मग मागं बघत होते तेच बरं केलं की."

मी हसलो, तीन महिन्यांत पहिल्यांदा. दाजी हसले नाहीत. "बाकीच्यांना का नाही मारली हाक?" त्यांनी विचारलं. पाच कॉलरी इस्त्रीच्या राहिल्या होत्या, तेवढं मला पक्कं आठवतं.

लढाई संपली. गावाला होड्या हव्या होत्या, मासे हवे होते, आणि सुतार एकच होता. दाजींनी एकामागून एक होड्या बांधल्या. पण होडी पाण्यात गेली, कोळ्यांनी साके ओतली, गाणं सुरू झालं, की दाजी उठायचे. होडीत चढायचे आणि डोलकाठीचा पाय उचकटून पेटी बघायचे. एकदा बसवलेली बाई बघायची नसते, पण ते बघायचे. काही होड्यांत तर महिन्याने परत जायचे. कोळी म्हणत, "योनेझोसान, बाईला कपडे तरी बदलू द्या." दाजींना ऐकूच यायचं नाही. आणि दर डिसेंबरात, त्या तारखेला, आमच्या दारात येऊन मला विचारायचे, "नाळेकडून की सुकाणूकडून?" मी खोटं बोललो असतो तर त्यांना झोप लागली असती. पण लहानपणापासून मला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात, आणि दाजी आधी कानच बघत.

लढाईनंतर चौथ्या वर्षी त्यांनी माझी होडी बांधायला घेतली. फळ्या जुळल्या, सांधे भरले, पेटी तयार झाली. ताईने डोक्याला हात लावला आणि म्हणाली, "पांढरा केस चालेल का? काळा आता शोधावा लागेल."

"चालेल," दाजी म्हणाले. छिन्नी घेऊन उठले.

तेव्हा मी म्हणालो, "दाजी, माझ्या होडीत उलटी बसवा."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. चेहरा लाल झाला.

"थट्टा नाही," मी म्हणालो. "मला वाचवलं ती उलटी बसलेली होती. सुलटीचा अनुभव मला नाही. माझ्या होडीत मला माझ्या ओळखीची बाई पाहिजे."

"असं कुणी करत नाही."

"मी करतोय. होडी माझी आहे."

"तीन सुकाणूला?"

"तीन सुकाणूला. मला पुढचं दिसतं, डोळे आहेत. मागचं तिनं बघावं."

दाजी बराच वेळ छिन्नीची धार अंगठ्याने बघत राहिले. मग भरती चढू लागली आणि दाजी एकटेच आत गेले. आम्ही दोघं पाठ करून उभे राहिलो. एरवी त्यांना एवढा वेळ लागत नसे.

होडी पाण्यात गेली. साके ओतली. मी तिचं नाव 'आसागिरी' ठेवलं होतं, त्यावर लोक हसले. गाणं सुरू झालं. ताईने सवयीने दाजींचा पेला धरून ठेवला, ते उठल्यावर सांडू नये म्हणून. दाजी उठले नाहीत. बसलेलेच. एक पेला प्यायले, दुसरा प्यायले. तिसऱ्यानंतर ताईने शेवटी विचारलं, "बघायला नाही जायचं?"

"काय बघू?" दाजी म्हणाले. "चुकलीच असेल तर सुलटी बसली असेल."

आणि ते हसले. पुढचे दोन दात नव्हते, तेही मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. गाणं संपलं, भरती उतरली, लोक घरोघर गेले, तरी ते तिथेच बसून होते. शेवटी ताईलाच कंटाळा आला.

त्या होडीला आता छत्तीस वर्षं झाली. डोलकाठी गेली, इंजिन आलं, नातू ती चालवतो. पेटी आहे तिथेच आहे. दाजींनी ती खरंच उलटी बसवली, की आत एकटे असताना हात आपोआप सुलट्याकडे वळला, ते मला ठाऊक नाही. एवढा वेळ का लागला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मी पेटी उघडूनही बघितलेली नाही. ते माझं काम नाही, असं त्यांनीच लिहिलं होतं.